पित्ताशयातील खडा आणि आपला तवक्कुल

आपल्या घरांमध्ये एक वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते : शिफा देणारा अल्लाह आहे, मग पोट कापून घ्यायचे कशासाठी? हे वाक्य मी माझ्या खालाच्या तोंडून ऐकले तेव्हा तिच्या पित्ताशयात चार खडे असल्याचे सोनोग्राफीत नुकतेच दिसले होते. गेल्या काही महिन्यांत दोनदा तिला जीवघेणी कळ आली होती आणि शल्यविशारदांनी पित्ताशय काढून टाकण्याचा सल्ला दिला होता. तिच्या उशाशी मात्र कलौंजीच्या तेलाची बाटली, जैतूनच्या तेलाचा डबा आणि ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांनी आणून दिलेली 'पथरीच्या' चूर्णाची पुडी होती.

खालाच्या वाक्याचा पूर्वार्ध निःसंशय सत्य आहे. आजारपणात आपल्याला बरे करणारा आपला पालनकर्ताच आहे, अशी ग्वाही हजरत इब्राहीम (अलै.) यांनी दिल्याचे सूरह शुअरामध्ये आले आहे आणि प्रत्येक श्रद्धावंताची हीच धारणा असते. विचार करायचा आहे तो उत्तरार्धाचा. पूर्वार्धातून उत्तरार्ध खरोखर निघतो काय?

नीट पाहिले तर खाला औषध सोडून अल्लाहवर विसंबली होती असे नव्हते. ती दिवसातून तीन वेळा औषध घेत होती. चूर्ण हेही साधनच आहे, तेल हेही साधनच आहे, आणि शस्त्रक्रिया हेही साधनच आहे. तिन्हींमध्ये गुण घालणारा एकच. मग एका साधनाला 'तवक्कुल' म्हणायचे आणि दुसऱ्याला 'अविश्वास', हा भेद आला कोठून? ज्याने सर्व उपाय बाजूला ठेवले त्याच्याशी तवक्कुलविषयी वेगळी चर्चा करता येईल. परंतु जो शल्यक्रिया नाकारून पुडी घेतो, त्याने साधनांपैकी एकाची निवड केलेली असते. त्यामुळे त्याला विचारायचा प्रश्न ईमानाचा उरत नाही, ज्ञानाचा उरतो : या साधनाचा या रोगाशी संबंध काय?

हा संबंध पाहण्यासाठी शरीराकडे थोडे वळू या. आपले यकृत दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. यकृताच्या खाली नासपतीच्या आकाराची एक लहानशी पिशवी आहे. तिच्यात 30 ते 50 मिलिलिटर पित्तरस मावतो, आणि तेथे तो साठून घट्ट होतो. आपण स्निग्ध अन्न खाल्ले की ही पिशवी आकुंचन पावते व पित्तरस लहान आतड्यात सोडते. पित्तरसात कोलेस्टेरॉल विरघळलेले असते. ते प्रमाणाबाहेर वाढले, किंवा पिशवी पुरेशी रिकामी होईनाशी झाली, की त्याचे स्फटिक बनतात व स्फटिकांचे खडे होतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो. वारंवार बाळंतपणे, लठ्ठपणा आणि घाईघाईने वजन उतरवणे ही त्याची परिचित कारणे आहेत.

येथे आपली भाषाच आपल्याला फसवते. मराठीत 'पित्त झाले' म्हणजे छातीत जळजळ, आंबट ढेकर, डोकेदुखी. त्याचा पित्ताशयातील खड्यांशी थेट संबंध नाही; तो जठरातील आम्लाचा विषय आहे. तरीही उजव्या बरगडीखाली कळ येते, ती पाठीत व उजव्या खांद्यापर्यंत जाते, तासन्‌तास टिकते, आणि घरातील वडीलधारी माणसे 'पित्तच असेल' म्हणून कोकमाचे सरबत पुढे करतात. भाषेची दुसरी फसगत याहून मोठी आहे. 'पथरी' किंवा 'खडा' हा एकच शब्द आपण मूत्रपिंडासाठीही वापरतो आणि पित्ताशयासाठीही. मुतखड्याला वाट असते. मूत्रपिंडातून मूत्रवाहिनी, तेथून मूत्राशय, आणि मग बाहेर. लहान मुतखडा भरपूर पाण्याबरोबर पडून जातो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कुळथाचे कढण, पाषाणभेद, युनानीतील हजरुल यहूद ही सारी नावे त्या मुतखड्याच्या संदर्भात प्रसिद्ध झाली. पित्ताशयातील खड्याला मूत्राची वाटच नाही. त्याच्यापुढे काही मिलिमीटर रुंदीची एक नळी आहे. ती मुख्य पित्तनलिकेला मिळते, आणि ती नलिका आतड्यात जेथे उघडते तेथेच स्वादुपिंडाची नळीही उघडते. म्हणजे मुतखड्याच्या बाबतीत 'खडा हलला' ही आनंदाची बातमी असेल, तर पित्ताशयाच्या बाबतीत तीच धोक्याची सूचना आहे. हललेला खडा नळीत अडकला की कावीळ होते, नलिकेत जंतुसंसर्ग होतो, आणि स्वादुपिंडाला सूज आली तर प्राणांशी गाठ पडते. जे चूर्ण 'खडा पाडते' म्हणून दिले जाते, त्याचा गुण खरा असता तरी तो येथे वरदान ठरला नसता.

जैतूनच्या तेलाचा प्रयोग तर अधिकच विचार करण्याजोगा आहे. दिवसभर सफरचंदाचा रस, रात्री पेलाभर जैतूनचे तेल व लिंबाचा रस, सकाळी शौचातून हिरवट मऊ गोळे पडतात आणि माणूस आनंदाने सांगत सुटतो की खडे गेले. 2005 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात अशाच गोळ्यांच्या तपासणीचा वृत्तांत आला होता. त्यांच्यात कोलेस्टेरॉल नव्हते, कॅल्शियम नव्हते, स्फटिकांची रचना नव्हती, आणि थोड्याशा उष्णतेने ते वितळून गेले. पोटात गेलेले तेल व लिंबाचा रस यांच्यापासून आतड्यातच तयार झालेला तो एक प्रकारचा साबण होता. पिशवीतील खडे जागच्या जागी होते. भरीस भर म्हणजे एवढे तेल एकदम पोटात गेल्यावर पित्ताशय जोराने आकुंचन पावते. ज्या पिशवीत खडे आहेत तिला असा पिळा देणे म्हणजे काय, हे वाचकांनीच ठरवावे. कुरआनने जैतूनच्या झाडाला मुबारक म्हटले आहे. त्या बरकतीचा अर्थ असा प्रयोग नव्हे, आणि बाटलीवर आयत छापून तो विकणाऱ्याला तर मुळीच नव्हे. हळदीचेही तसेच आहे. स्वयंपाकातील चिमूटभर हळदीने काही बिघडत नाही, पण तिच्या अर्काच्या मोठ्या मात्रा पित्ताशयाला आकुंचित करतात. ओवा किंवा बडीशेप यांनी पोटातला वायू सरतो व बरे वाटते, म्हणून ती घ्यावीत. खडा मात्र त्यांनी विरघळत नाही.

खडे विरघळवणारे औषधच नाही असे नाही. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल या नावाची एक गोळी लहान, निव्वळ कोलेस्टेरॉलचे खडे, तेही पित्ताशय चालू स्थितीत असेल तर, काही महिने ते दोन वर्षांत विरघळवू शकते. ती बंद केल्यावर पाच वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांना खडे पुन्हा होतात. यावरून एवढे समजते की जेथे खरे औषध आहे तेथेही त्याची मर्यादा वैद्यक स्वतः सांगते. पुडीवाला मर्यादा सांगत नाही, हाच दोघांतील मोठा फरक आहे.

आता ज्या हदीसींचा आधार घेऊन या उपायांना दीनचे वस्त्र चढवले जाते, त्यांच्याकडे आदराने पण डोळसपणे पाहू. कलौंजीत मृत्यू सोडून प्रत्येक रोगावर शिफा आहे, हे प्रेषितवचन सहीह बुखारीत आहे आणि आम्ही ते मानतो. परंतु इमाम खत्ताबी (रह.) यांच्यासारख्या भाष्यकारांनीच स्पष्ट केले आहे की येथे शब्द व्यापक असले तरी अभिप्राय विशिष्ट आहे, म्हणजे ज्या व्याधींच्या प्रकृतीला ते द्रव्य मानवते त्या व्याधी. अरबी भाषेची ही रीत कुरआनातही दिसते. आद लोकांवर आलेल्या वादळाने सर्व काही उद्ध्वस्त केले असे सांगितल्यावर लगेच त्यांची घरे मात्र दिसत राहिली असेही सांगितले आहे. मधाचेही तेच. पोटाच्या विकाराने त्रस्त असलेल्या भावासाठी एक मनुष्य पुनःपुन्हा प्रेषित मुहम्मद (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) यांच्याकडे आला आणि प्रत्येक वेळी त्याला मधच द्यायला सांगितले गेले, ही घटना आपण ऐकतो. एका विशिष्ट रुग्णाच्या, विशिष्ट तक्रारीवर दिलेला तो सल्ला आहे. त्यावरून प्रत्येक उदररोगाला मध लावणे म्हणजे सल्ला देणाऱ्याचे ज्ञान वजा करून फक्त द्रव्य उचलणे होय.

आणि आपण ज्या हदीसी सांगत नाही त्यांचे काय? हजरत साद (रजि.) आजारी पडले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि सकीफ टोळीच्या हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास सांगितले, हे सुनन अबू दाऊदमध्ये आहे. या हारिसने इस्लाम स्वीकारला होता की नाही याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. त्याची निवड झाली ती त्याला वैद्यक येत होते म्हणून. हजरत उबई बिन कअब (रजि.) यांच्याकडे प्रेषितांनी (स.) एक वैद्य पाठवला. त्याने त्यांची शीर कापली व नंतर डाग दिला. ही सहीह मुस्लिममधील नोंद आहे. म्हणजे शरीराला लोखंड लावणे सुन्नतच्या विरुद्ध आहे, ही कल्पना टिकत नाही. ज्या युनानी तिब्बचा आपण अभिमान बाळगतो तिच्याही चार शाखांमध्ये इलाज बित्तदबीर, इलाज बिल गिजा आणि इलाज बिद्दवा यांच्या जोडीला जराहत, म्हणजे शस्त्रक्रिया आहे. कुर्तुबाच्या परिसरात हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या अबुल कासिम जहरावी यांनी आपल्या 'किताबुत्तसरीफ'चा तिसावा भाग संपूर्णपणे शस्त्रक्रियेला दिला व त्यात उपकरणांच्या आकृत्या काढल्या. आपल्या पूर्वजांनी चाकूला घाबरून नव्हे, तर त्याची धार व मर्यादा ओळखून वैद्यक उभे केले. (युनानीच्या नावाने पुडी विकणाऱ्या कित्येकांना जराहत हा शब्दही ठाऊक नसतो, ही वेगळी गोष्ट.)

इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये तवक्कुलची चर्चा करताना साधनांच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली निश्चित साधनांची : तहानेला पाणी, भुकेला भाकरी. प्राण जाण्याची भीती असताना ती सोडणे हा तवक्कुल नसून हराम आहे. दुसरी संभाव्य साधनांची. तिच्यात त्यांनी त्या काळच्या वैद्यकीय उपचारांचा समावेश केला. ते घेतल्याने तवक्कुलला बाध येत नाही, आणि न घेणे निषिद्धही नाही. तिसरी काल्पनिक साधनांची. ती सोडून देणे हीच तवक्कुलची अट आहे. ही प्रतवारी मला अतिशय मोलाची वाटते, कारण ती वस्तूंची नसून खात्रीची आहे. एखादा उपचार कोणत्या पायरीवर बसतो हे काळानुसार व ज्ञानानुसार बदलते. 1882 साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा पित्ताशय काढले तेव्हा ते धाडस होते. 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्तन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली, आणि आज ती जिल्ह्याजिल्ह्यांत होते. चार लहान छिद्रे, बहुधा एक-दोन दिवसांचा मुक्काम. पित्ताशय नसले तरी यकृत पित्तरस बनवीतच राहते व तो सरळ आतड्यात उतरतो. काहींना शौचाला पातळ होण्याचा त्रास होतो, आणि क्वचित पित्तनलिकेला इजाही होते. हे लपवू नये. तरीही वारंवार कळा येणाऱ्या रुग्णासाठी हा उपचार पहिल्या पायरीच्या अगदी जवळ आला आहे, आणि खडा विरघळवणारी पुडी तिसरीवरून हललेली नाही. खालाने तवक्कुलच्या नावाने तिसरी पायरी धरली आणि पहिलीजवळची सोडली. गझालींच्या हिशेबाने हे नेमके उलटे झाले.

पूर्वीच्या बहुतेक फकीहांनी उपचार घेणे वाजिब म्हटले नाही, ही गोष्ट खरी आहे. त्यामागचे एक महत्त्वाचे कारण, त्या काळी उपचाराने गुण येईलच याची खात्री नव्हती. 1992 साली जेद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठराव केला तेव्हा स्पष्ट म्हटले की उपचार न घेतल्याने प्राण, अवयव वा शरीराची क्षमता गमावण्याची भीती असेल तर तो घेणे वाजिब आहे. इतर स्थितींत तो मंदूब किंवा मुबाह ठरतो.

म्हणून ज्याच्या पित्ताशयात खडा दिसला त्या प्रत्येकाने उद्याच शस्त्रक्रियागृहात जावे, असे मी म्हणतो आहे काय? नाही. येथे वैद्यकच संयम शिकवते. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि खडा दिसला, पण कधी कळ आली नाही, असे असंख्य लोक आहेत. अशा मूक खड्यांपैकी वर्षाला शंभरात एक ते चार जणांनाच त्रास सुरू होतो. खडा फार मोठा असणे, पित्ताशयाची भिंत चुन्यासारखी कडक होणे, अशी काही खास कारणे नसतील तर डॉक्टर स्वतःच थांबायला सांगतात. ज्याला त्रासच नाही त्याला चूर्ण दिले आणि वर्षभर त्रास झाला नाही, तर श्रेय चूर्णाला मिळते. आपल्या आसपासच्या पुष्कळशा 'अनुभवांचे' मूळ हेच आहे. त्रास नसताना थांबणे शहाणपणाचे आणि त्रास सुरू झाल्यावर थांबणे घातक, हा फरक पुडीला कळत नाही. तो तपासणीलाच कळतो.

कोणी म्हणेल, फेफऱ्याचा आजार असलेल्या त्या स्त्रीचे काय, जिला प्रेषितांनी (स.) सब्र व जन्नत किंवा दुआ व आरोग्य यांपैकी निवड करू दिली आणि जिने सब्र निवडला? ही हदीस माझ्या मनाला नेहमीच थांबवते. सब्र हा मार्ग आहे, यात शंका नाही. पण तिच्यापुढे दोन्ही पर्याय स्पष्ट ठेवले गेले होते, निवड तिची स्वतःची होती, आणि आपण बरे होत आहोत असा आभास तिला कोणी दिला नव्हता. आपल्या घरांतील किती स्त्रियांना असा पर्याय दिला जातो? खर्च, परपुरुष डॉक्टर, घरकाम कोण करील, ही कारणे पतीच्या किंवा सासूच्या मनात असतात आणि नाव मात्र तवक्कुलचे घेतले जाते. स्त्री डॉक्टर मिळत असेल तर तिलाच प्राधान्य द्यावे. न मिळाल्यास गरजेपुरते शरीर उघडण्याची मुभा फकीहांनी शतकांपूर्वीच दिली आहे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. ती ज्या स्त्रीकडे सोपवली गेली तिला विचारल्याशिवाय तिच्या वतीने सब्र करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

खालाने अकरा महिने चूर्ण घेतले. बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी रात्री जेवणानंतर तिला कळ आली ती थांबेना. सकाळी डोळे पिवळे होते आणि लघवी गडद झाली होती. खडा मुख्य नलिकेत उतरला होता आणि स्वादुपिंडाला सूज आली होती. तोंडावाटे दुर्बीण घालून खडा काढला गेला, आणि प्रकृती सावरल्यावर पित्ताशय काढण्यात आले. तिचे एकोणीस दिवस रुग्णालयात गेले. अल्लाहच्या कृपेने ती वाचली.

त्या एकोणीस दिवसांत मला एक हदीस वारंवार आठवत होती. ज्याला वैद्यक येत असल्याचे ज्ञात नाही त्याने उपचार केला आणि हानी झाली, तर तो जबाबदार आहे, असे अबू दाऊद व नसाई यांनी नोंदवलेल्या प्रेषितवचनात आले आहे. दुसरी त्याहून हृदयद्रावक आहे. डोक्याला जखम झालेल्या एका मनुष्याला सोबत्यांनी सांगितले की तुला स्नानावाचून गत्यंतर नाही. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. हे कळताच प्रेषितांनी (स.) अतिशय कठोर शब्द वापरले आणि माहीत नव्हते तर विचारले का नाही, असे सुनावले. त्या सोबत्यांचा हेतू वाईट नव्हता. मोबाईलवर आलेला नुस्खा 'सवाबासाठी' पुढे पाठवताना आपलाही हेतू वाईट नसतो.

चूर्ण देणाऱ्या त्या गृहस्थांकडे मी गेलो. त्यांना काही सांगू नकोस, त्यांनी पैसेही घेतले नव्हते, असे खालाने बजावले होते. तरीही गेलो. ते ऐकत राहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एक जुनी वही काढली. तिच्यात ज्यांना ज्यांना पुडी दिली त्यांची नावे होती, आणि त्यांपैकी तिघांचे खडे पित्ताशयात असल्याचे त्यांना आठवत होते. मोबाईल क्रमांक दोघांचेच होते. तिसऱ्याचे गाव चाळीस किलोमीटरवर होते. दुसऱ्या दिवशी आम्ही एस. टी.ने तेथे गेलो.